आधी कुणाला झालंय का?

बच्छाव सर खुर्चीत बसले, की आमच्या मजल्यावर सगळे हातातलं काम थांबवायचे. कारण ते कधी बसत नसत. संगणकाचा पडदा वाचायचा तोही उभ्याने, एक हात टेबलावर, दुसऱ्या हातात चहाचा कप. अर्धा चहा झाला, की कप असेल तिथेच ठेवून पुढच्या टेबलाकडे. कप गोळा करणाऱ्या मंदाबाई म्हणायच्या, सरांना शोधायचं तर फोन कशाला करायचा, कप बघत जायचं. शेवटचा गरम असतो.

आमचं ऑफिस अंबडला, औद्योगिक वसाहतीत. एका बँकेचं संगणक केंद्र. कारखान्यांच्या शेडांमध्ये आमची एकच काचेची इमारत, त्यामुळे रिक्षावाल्यांना ती औषधाची कंपनी वाटते. आत मेनफ्रेम, म्हणजे बँकेचे सगळे व्यवहार ज्यावर चालतात ते मोठे संगणक. माझं काम पाळ्या लावायचं आणि एका पाळीने दुसऱ्या पाळीला काय सांगायचं त्याची टिपणं तयार करायचं. याद्या करणं हा माझा स्वभावच आहे. भाजीपासून सुट्ट्यांपर्यंत माझ्याकडे सगळ्याची यादी असते. सर माझ्या टिपणांचे पहिले वाचक, आणि वाचता वाचता ते लाल पेनाने शब्द खोडायचे. 'बहुतेक' गेला. 'फारच' गेला. 'अचानक बंद पडले' असं लिहिलं होतं, तिथे थांबून मला म्हणाले, "शिंदेबाई, अचानक म्हणजे काय? तुम्ही बघत नव्हतात, म्हणजे अचानक."

त्या दिवसापासून मी हा शब्द घरीसुद्धा वापरत नाही. नवऱ्याला त्याचा त्रास होतो.

सरांकडे होतं सुरक्षेचं सॉफ्टवेअर. बँकेत कोण माणूस काय उघडू शकतो, काय बदलू शकतो, काय फक्त पाहू शकतो, हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. ते नीट चालतं तेव्हा ते आहे हेही कुणाला कळत नाही. बिघडलं, की बँकच थांबते. ज्या कंपनीने ते बनवलंय तिच्याकडे जगभरच्या बिघाडांच्या नोंदी असतात. कुठे काय झालं, लक्षणं काय होती, दुरुस्ती कोणती. आपल्याकडे काही मोडलं तर आधी तिथे शोधायचं, कारण उत्तर बहुतेक वेळा तयार असतं. हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण शोधता यायचं ते एकट्या सरांना.

बाकीचे काय करायचे, तर घाबरून सगळी हकिगत शोधायच्या चौकटीत ओतायचे. मग एकही नोंद मिळायची नाही. किंवा 'चालत नाही' एवढंच लिहायचे, आणि नोंदींचा डोंगर यायचा. सर मागे येऊन उभे राहायचे. एकेक शब्द खोडायला लावायचे. हे तुझं मत आहे, काढ. हा तुझा राग आहे, काढ. यंत्राने काय म्हटलं तेवढं ठेव, आणि पहिल्यांदा काय म्हटलं ते ठेव, शेवटी काय म्हटलं ते नको, कारण शेवटी सगळेच ओरडतात. चार शब्द राहिले, की शोध. काही आलं नाही तर एक काढ, फार आलं तर एक घाल. आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य, "आधी कुणाला झालंय का बघ. जगात पहिले आपण नसतो."

हे वाक्य ते सगळीकडे वापरत. मंदाबाईंच्या सुनेचं बाळ दूध पीत नव्हतं तेव्हा, आणि माझ्या मुलाने इंजिनिअरिंग सोडायचं म्हटलं तेव्हाही. तेव्हा मला त्याचा राग आला होता. दुसऱ्यांच्या मुलांनी सोडलं, म्हणून माझं दुःख कमी कसं होणार? पण सरांनी दोन दिवसांत तीन घरांचे पत्ते आणून दिले, जिथे हेच झालं होतं, त्याच वर्षाला, त्याच शाखेत. त्यातल्या एका आईशी मी अजून फोनवर बोलते.

सर मूळचे देवळ्याचे. एरवी बोलणं शहरी, पण आतून हलले की अहिराणीत जायचे. मुली त्यांच्या दोन्ही परगावी, पण ऑफिसातल्या सगळ्या तरुण मुलींना ते 'माय' म्हणत. आमच्याकडे नवीन आलेल्या मुंबईच्या एका मुलीला आधी ते अपमानास्पद वाटलं होतं. मग कुणीतरी तिला सांगितलं, तिकडे लेकीला अशीच हाक मारतात.

गावचा त्यांचा एक किस्सा ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांच्या धाकट्या भावाने सांगितला, एकदा कांद्याचं पोतं घेऊन ऑफिसात आला होता तेव्हा. भावाच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, कांदा सडायला लागला. वरचा चांगला, कडेचा चांगला, मधला सडका. घरात जितकी माणसं तितकी कारणं निघाली. बियाणं, हवा, खत, कुणाची तरी नजर. दादा आला, म्हणाला, कारण कुणीही सांगायचं नाही. कुठून सुरू झालं, कधी दिसलं, वास आधी आला की पाणी, तेवढं सांगा. मग निघाला गावात, चाळीमागून चाळ. कुणाचा कांदा वरून सडलेला, कुणाचा तळातून. मधून सडलेला सापडेना. एकच चाळ राहिली, चुलत्यांची. बांधावरून भांडण झालेलं, वडिलांच्या वेळेपासून दोन घरांत पाणी नाही की बोलणं नाही. भाऊ म्हणाला, तिथे नको. दादा तसाच आत शिरला. म्हातारा काका खाटेवर. दादाने रामराम नाही, काही नाही, एकदम विचारलं, "काका, तुमचा मधला सडला का?" काका खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

दोन्ही चाळींना वाऱ्याच्या बाजूने हिरवी जाळी लावलेली निघाली. ऊन लागू नये म्हणून. जाळीने वारा अडला होता. काढली. भाऊ सांगत होता, कांदा अर्धाच वाचला, पण काका त्या दिवसापासून चहाला येतो, आणि पुष्कळ वेळ बसतो, तोच आता त्रास आहे.

सर तेवढ्यात तिथे आले. भावाला म्हणाले, "ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याच्याकडेच बघायचं राहिलेलं असतं. त्यात सांगण्यासारखं काय?" आणि कप माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले.

आता सुषमाचं सांगते. सरांची खरी ओळख मला तिथे पटली.

सुषमा गावित सुरगाण्याकडची. डोंगरातल्या गावातून आश्रमशाळेत, तिथून कॉलेजात, तिथून आमच्याकडे. कंत्राटावर होती. कायम करायच्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि महिनाअखेरीस सही व्हायची होती. भाऊ शिकत होता तिच्या भरवशावर, वडील हंगामाला द्राक्षबागेत कामाला जायचे. ती कमी बोलायची, काम चोख. सरांनीच तिला शिकवलेलं.

त्याच सुमारास आमच्या बँकेत एक छोटी बँक विलीन झाली. देवळा, कळवण पट्ट्यातल्या तिच्या शाखांच्या सगळ्या माणसांना आमच्या यंत्रणेत अधिकार द्यायचे होते. चेअरमन साहेबांनी दिवस ठरवला, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, वेळ बघायची गरज नसते. तरी त्यांच्या गुरुजींनी वेळही काढून दिली. आखाजीला लेकी माहेरी येतात, म्हणून सर दरवर्षीप्रमाणे रजा घेऊन देवळ्याला गेलेले.

आमच्याकडे दोन यंत्रं आहेत आणि अधिकारांची यादी दोघांना मिळून एकच. यादीत बदल केला, की आधी एका यंत्राला 'नवीन यादी घे' असा हुकूम द्यायचा, मग दुसऱ्याला. त्या सकाळी सुषमाने हुकूम दिला, आणि काही क्षणांत सुरक्षेच्या सॉफ्टवेअरने सगळ्यांनाच दार बंद केलं. नव्यांना, जुन्यांना, चेअरमन साहेबांनाही. एकाही शाखेत एकही माणूस आत जाईना. दुपारपर्यंत बँक बंद. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं तेव्हा कुठे चालू झालं, जणू काही झालंच नव्हतं.

हुकमावर नाव सुषमाचं. मुख्य कार्यालयातून विचारणा आली, कुणी काय चूक केली ते लेखी कळवा. 'काय झालं' असं त्यांनी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा सुषमा पडद्यासमोर बसून शोधत होती. मी तिच्या शेजारी उभी होते म्हणून मला दिसलं. तिने लिहिलं होतं, इंग्रजीतच, 'माझ्या हुकमानंतर सगळ्यांना दार बंद.' सरांनी वाचलं. बोट पुढे करून त्यातला एकच शब्द खोडला, 'माझ्या'.

"माय, यंत्राला तुझं नाव माहीत नाही. आपण कशाला सांगायचं?"

पण 'माझ्या' काढूनही काही मिळालं नाही.

दोन दिवस सर फिरत राहिले. टेबलामागून टेबल. मंदाबाई कप शोधून दमल्या. आणि तिसऱ्या दिवशी आमचे व्यवस्थापक पाटणकर साहेब आनंदाने बाहेर आले, त्यांना नोंद सापडली होती. पडद्यावर यंत्राने दिलेला तोच निरोप, तोच परिणाम, दुसऱ्या कुठल्यातरी देशात. एका गटात फार माणसं घातली, की यादी फुटते आणि सगळ्यांना दार बंद होतं. आम्हीही एका गटात भरपूर माणसं घातली होती. दोष सॉफ्टवेअरचा, माणसाचा नाही. सुषमाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. कुणीतरी पेढे आणायला निघालं. मुख्य कार्यालयाला कळवायचं उत्तर मी टाईप करायला घेतलं.

सरांनी ती नोंद उभ्याने वाचली. मग पुन्हा वाचली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

"हाई आपलं नही शे," ते म्हणाले.

पाटणकर साहेबांना शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. सरांनी समजावून सांगितलं. तो दोष साध्या गटांचा. आपला गट मोठाच म्हणून बनवलेला आहे, त्याला ती मर्यादा लागू होत नाही, आणि त्या दोषाची दुरुस्तीही आपल्याकडे केव्हाच बसलेली आहे. लक्षण जुळतं, आजार जुळत नाही. पाटणकर साहेब म्हणाले, बच्छाव, मुलीची नोकरी वाचतेय, जुळवून घ्या. सर उठून पुढच्या टेबलाकडे गेले. मी टाईप करायची थांबले. पेढे आले आणि तसेच टेबलावर राहिले.

सुषमा सरांशी बोलेना. जेवायला वेगळी बसायला लागली. चौथ्या की पाचव्या दिवशी जिन्यात तिने त्यांना गाठलं. मी दोन पायऱ्या वर होते.

"सर, राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"परत झालं असतं."

"तेव्हा बघितलं असतं की मग."

"तेव्हा दुसरी कोणीतरी असती त्या खुर्चीत. आणि तिला सांगितलं असतं, दुरुस्ती तर बसवलेली आहे, मग चूक तुझीच."

सुषमा म्हणाली, "आत्ता माझी आहे, त्याचं काय?"

सर खाली गेले आणि वर आले आणि परत खाली गेले.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. चहा निम्माही जात नव्हता, भरलेले कप सापडायचे. महिनाअखेर जवळ येत होती. प्रत्येकाला ते तेच तेच विचारायचे. काय झालं त्या सकाळी? आणि सगळे तेच तेच सांगायचे. हुकूम दिला, दार बंद झालं. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाले, "शिंदेबाई, जगात पहिले आपण नसतो. मग सापडत का नाही? आपण काहीतरी सांगत नाही आहोत." ते जाताना पुटपुटले, "सांगायला लाजतो तेच लक्षण असतं."

आणि आम्ही खरंच सांगत नव्हतो. लपवलं असंही नाही. यंत्रांच्या खोलीत पूजाअर्चा करायला मुख्य कार्यालयाची मनाई होती. त्यामुळे जे झालं ते कुठल्याही अहवालात कुणी लिहिलं नाही, आणि सरांना सांगण्यासारखं आहे असं कुणाला वाटलंही नाही. हळदीकुंकवाने कुठे सॉफ्टवेअर बिघडतं?

सर फिरत फिरत यंत्रांच्या खोलीच्या पार टोकाला गेले. तिथे दुसऱ्या यंत्राचा कीबोर्ड असतो. तिथून त्यांनी हाक मारली. आम्ही गेलो. सर वाकून बघत होते. एंटरच्या बटणाच्या खाचेत लाल रेघ होती.

"याला कुंकू कुणी लावलं?"

निकम म्हणून आमचे जुने ऑपरेटर, ते घसा खाकरून म्हणाले, "सर, पूजा झाली होती थोडी. नारळ बाहेर फोडला, आत नाही. आत नुसतं कुंकू."

"ते असू द्या. याला का? हुकूम तर तिकडून दिला."

"दोन्हीकडून दिला सर. तिकडे सुषमा, इकडे मी."

"तिचा झाल्यावर?"

"नाही. मुहूर्त थोडा वेळच होता. एकाचा झाला आणि दुसऱ्याचा टळला, असं नको म्हणाले चेअरमन साहेब. नारळ फुटला की दोघांनी एकदम दाबायचं. त्यांनी एक-दोन-तीन म्हटलं, तीनला बाहेर नारळ फुटला."

सर सरळ उभे राहिले. मला वाटलं, रागावतील. ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कसं सापडेल?" ते म्हणाले. "जगात कोण दोन्हीकडून एकदम दाबतो? मुहूर्त आहे कुणाकडे?"

मग त्यांनी दुसऱ्या यंत्राचे निरोप काढले, जे कुणी पाहिलेच नव्हते, कारण बिघाड पहिल्या यंत्रावर दिसला होता. दोन्ही हुकूम एकाच क्षणाचे. सरावाची जी छोटी यंत्रणा होती तिच्यावर त्यांनी तेच करून बघायला घेतलं. एका टोकाला सुषमा, दुसऱ्याला निकम, मध्ये सर. एक, दोन, तीन. काही झालं नाही. पुन्हा. काही नाही. सकाळ गेली. निकम थकून म्हणाले, "सर, नारळ आणू का?"

सर अजिबात हसले नाहीत. "आणा. लक्षणात आहे तर आणा."

नारळ आला. मंदाबाईंनी दाराबाहेर फोडला. त्या आवाजावर दोघांनी दाबलं, आणि दार बंद झालं. नारळाने नव्हे. सरांच्या तोंडच्या तीनवर निकमांचा हात दरवेळी जरा मागे राहायचा, नारळाच्या आवाजाला दोघे एकदम दचकले, एवढंच. पण सुषमा त्या बंद पडद्याकडे बघत जी रडली, ती मला वाटतं, आखाजीच्या सकाळपासून साठलेलं सगळंच रडली. सर तिच्यापाशी गेले नाहीत. ते निरोप टिपत होते. पहिला आधी.

कंपनीला कळवलं. तिकडच्या इंजिनिअरने विचारलं, दोन्हीकडून एकाच वेळी हुकूम द्यायचं कारण काय? सरांनी मुहूर्तावर एक लांबलचक परिच्छेद लिहिला, मला वाचून दाखवला, मग सगळा खोडला. 'आमच्याकडे अशी पद्धत आहे', एवढंच ठेवलं. कंपनीने आठवड्याभरात मान्य केलं. दोष त्यांचाच. दोन हुकूम एकमेकांत अडकले, की यादी अर्धवट वाचली जाते. नवीन दोष, नवीन नोंद. सुषमाची सही वेळेवर झाली. तिने पेढे आणले, आणि पहिला सरांच्या हातात न देता त्यांच्या कपाशेजारी ठेवला, कारण सर तिथे नव्हते.

सर त्याच वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी हार, श्रीफळ, पाटणकर साहेबांचं भाषण, सगळं झालं. सर मधेच उठून गेले. मी शोधायला निघाले, कपांच्या मागोमाग. ते एकेका टेबलापाशी जाऊन सगळ्यांना सांगत होते, समजा तुमच्याकडे ते झालंय, तुम्हाला काही माहीत नाही, शोधा. सगळे लिहीत होते, 'दोन यंत्रांवरून एकाच वेळी हुकूम'. नोंद लगेच वर येत होती. सर मान हलवत होते. "तुम्हाला उत्तर माहीत आहे. तुमचा उपयोग नाही."

शेवटी सुषमाच्या टेबलाशी आले. तिने काही विचारलं नाही. तिने लिहिलं, इंग्रजीतच, 'माझ्या हुकमानंतर सगळ्यांना दार बंद.'

सरांचं बोट पुढे आलं आणि थांबलं. 'माझ्या' तसाच राहिला.

पहिल्यांदा नोंद आली नाही. तेव्हा सरांनी सांगितलं म्हणून मला कळलं, गेला महिनाभर त्यांनी कंपनीशी काय पत्रव्यवहार चालवला होता. नोंदीतले शब्द बदला, साधे घाला, लोक असं लिहीत नाहीत. बदललेली नोंद त्याच दिवशी यायची होती. त्यांनी सुषमाला नोंदींची यादी ताजी करायला सांगितली, आणि शेजारची खुर्ची ओढून ते बसले. मजल्यावरच्या दोघाचौघांनी दचकून माना वर केल्या.

पडदा पुन्हा भरला. पहिली नोंद वेगळीच. दुसरी त्या साध्या गटांची, पाटणकर साहेबांची. तिसरी आमची.

"सर, वर नाही आली," सुषमा म्हणाली.

"तिसरी चालेल," सर म्हणाले. "घाबरलेला माणूस तीनपर्यंत वाचतो."

आणि ते उठले. त्या दिवशी कपात काहीही राहिलं नव्हतं.